'सरांना नवीन काही शिकायचंच नाहीये, मी काय करू?'

पत्र

ताई, मी एका व्यसनमुक्ती केंद्रात क्लिनिकल सुपरवायझर आहे. हाताखाली सहा काउन्सेलर आहेत, बहुतेक सगळे माझ्यापेक्षा वयाने आणि अनुभवाने मोठे. मागे सगळ्यांना मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगच्या (पेशंटशी न भांडता, त्याचं ऐकून घेत, बदलायची इच्छा त्याच्याच तोंडून बाहेर यावी असं बोलायच्या पद्धतीच्या) दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. फीडबॅक फॉर्मवर सगळ्यांनी 'खूप छान, खूप उपयोगी' लिहिलं आणि सोमवारपासून ये रे माझ्या मागल्या, तेच ओरडणं, तेच 'आधी याचा डिनायल, म्हणजे मला व्यसनच नाही म्हणणं, तोडला पाहिजे'. आमचे सगळ्यात सीनियर सर स्वतः बारा स्टेप्सच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या) मार्गाने दारूतून बाहेर पडलेत, खूप वर्षं सोबर आहेत. ते सरळ म्हणाले, 'मी त्या खड्ड्यातून वर आलोय, तू मला पुस्तकं दाखवू नकोस.' डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या की दोघं-तिघं पेशंटला बाजूला घेऊन सांगतात, 'गोळीवर जगणं म्हणजे पण नशाच, हिंमत असेल तर सोड.' मी कंटिन्जन्सी मॅनेजमेंटचा विषय काढला तर मीटिंगमध्ये हशा पिकला, 'म्हणजे नशा केली नाही म्हणून बक्षीस द्यायचं?' आता डायरेक्टरांकडे जाऊन हे सगळं कंपल्सरी करून घेऊ, की नोकरीच सोडू? खरं सांगायचं तर मला त्यांचा राग यायला लागलाय.
— वैतागलेली सुपरवायझर

उत्तर

अगं, राग येणारच. पण तू या पत्रात तीन वेगळी भांडणं एकात कालवली आहेस आणि त्यातलं एक आजच्या आज सोडवायचंय, ते आधी बाजूला काढते.

गोळ्यांचं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध पेशंटला कोपऱ्यात घेऊन बंद करायला सांगणं हे 'नवीन पद्धत आवडत नाही' या खात्यात बसतच नाही, ते धोक्याचं आहे आणि त्यात चर्चा, समजूत, हळूहळू वगैरे काही नाही. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनवर (ओपिऑइडच्या, म्हणजे अफू-हेरॉइनच्या जातीच्या ड्रग्जच्या, व्यसनावरची औषधं) स्थिर असलेला माणूस ते सोडतो तेव्हा ओपिऑइड पचवायची शरीराची ताकद लवकर उतरते, आणि मग क्रेव्हिंग आलं की तो जुन्याच सवयीने जुनीच मात्रा घेतो आणि श्वास थांबतो. उपचार सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे जीव जाण्याच्या दृष्टीने फार वाईट असतात, हे वेगवेगळ्या देशांच्या आकडेवारीत पुन्हा पुन्हा दिसलंय. मेथाडोनचं काम 1960 च्या दशकातलं आहे, आणि ही दोन्ही औषधं 2005 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, म्हणजे हे काही काल आलेलं फॅड नाही. आणि डॉक्टर जर नाल्ट्रेक्सोन देत असतील तर 'हीपण नशाच' हे वाक्य मुळातच चुकीचं आहे, कारण त्याने किक बसत नाही, सवय लागत नाही, ते नशेचा परिणामच अडवतं.

तर इथे डायरेक्टरांकडे जा, बिनधास्त जा, आणि एकच लेखी नियम मागून घे: औषधाबद्दल शंका असेल तर ती डॉक्टरांशी बोलायची, पेशंटशी नाही. हा नियम डॉक्टर आणि डायरेक्टर दोघांच्या तोंडून येऊ दे, तुझ्या नको. आणि शक्य असेल तर डॉक्टरांना सांग की काउन्सेलरांबरोबर बसून त्यांच्या शंका एकदा ऐकून घ्या, कारण बऱ्याच केंद्रांमध्ये काउन्सेलरला औषधाबद्दल कोणी काही सांगितलेलंच नसतं, फक्त केस पेपरवर नाव दिसतं, मग तो स्वतःच्या अनुभवावरून अंदाज बांधतो.

हे झालं. बाकीच्या दोन गोष्टींना मात्र सक्ती करू नकोस, निदान आत्ता तरी नको.

आता ते ट्रेनिंग. तुला वाटतंय की लोकांनी फॉर्मवर खोटं लिहिलं, ट्रेनिंग खाऊन-पिऊन आले आणि विसरले. तसं नाहीये गं. दोन दिवसांच्या वर्कशॉपने हेच होतं, जगभर हेच होतं, आणि हे खुद्द ही पद्धत काढणाऱ्या माणसाने तपासून दाखवलंय. विल्यम मिलरने 1983 मध्ये मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगबद्दल पहिल्यांदा लिहिलं, आणि 2001 मध्ये त्याने आणि एका सहकाऱ्याने एक छोटा अभ्यास केला की एका वर्कशॉपने नक्की काय बदलतं. वर्कशॉप झाल्यावर लोक स्वतःबद्दल सांगत होते की आम्ही खूप शिकलो, पण त्यांच्या सेशनच्या टेप ऐकल्या तर बदल किरकोळ होता, इतका किरकोळ की समोरच्या क्लायंटच्या बोलण्यात काही फरक पडत नव्हता. म्हणजे तुझ्या काउन्सेलरांनी फॉर्मवर जे लिहिलं ते त्यांना खरंच वाटत होतं! आणि यातला वाईट भाग असा की आता त्यांना वाटतं की हे आम्हाला येतं, त्यामुळे परत शिकवायला गेलीस की 'झालं की आमचं ते'.

मग 2004 मध्ये मोठा अभ्यास आला, 140 व्यसन-उपचार करणाऱ्या व्यावसायिकांवर. काहींना नुसतं वर्कशॉप, काहींना वर्कशॉप आणि नंतर त्यांच्या टेपवर फीडबॅक, काहींना वर्कशॉप आणि कोचिंग, काहींना तिन्ही, आणि उरलेल्यांना सांगितलं की तुमचं तुम्ही वाचून शिका. नुसत्या वर्कशॉपवाल्यांचं आलेलं कौशल्य पुढच्या महिन्यांत ओसरलं. ज्यांना नंतर फीडबॅक किंवा कोचिंग मिळालं त्यांचं टिकलं, आणि क्लायंटच्या बोलण्यात बदल दिसला तो फक्त तिन्ही मिळालेल्यांकडे. सीबीटीच्या (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायच्या थेरपीच्या) बाबतीतही 2005 मध्ये 78 क्लिनिशियनवर असाच एक अभ्यास झाला, कोणाला नुसतं मॅन्युअल, कोणाला मॅन्युअल आणि वेबसाइट, कोणाला सेमिनार आणि नंतर स्वतःच्या केसवर सुपरव्हिजन, आणि तिथेही सुपरव्हिजनवाले पुढे. हे सगळं मी एवढ्यासाठी सांगतेय की तुझ्या केंद्राने पैसे खर्च केले ते सुरुवातीच्या भागावर, ज्या भागाने टिकतं तो भाग झालाच नाही, आणि तो भाग म्हणजे तू आहेस. सुपरवायझरचं कामच ते. (डायरेक्टर लोकांना वर्कशॉप फार आवडतं, कारण त्याचं सर्टिफिकेट मिळतं, ग्रुप फोटो निघतो आणि ते रिपोर्टमध्ये लावता येतं. दर आठवड्याला कोणीतरी कोणाची तरी वीस मिनिटांची टेप ऐकते याचा फोटो निघत नाही.)

आता सरांबद्दल, कारण खरं पत्र त्यांच्याबद्दलच आहे ना.

तुला ते हट्टी वाटतात. असतीलही. पण त्यांच्या जागी बसून बघ, त्यांचा जीव ज्या पद्धतीने वाचला ती पद्धत त्यांच्या लेखी थेरपी नाहीये, ती त्यांची सोब्रायटी आहे. कोणीतरी एके काळी त्यांना खडसावलं, तोंडावर आरसा धरला, आणि ते उठले, हे त्यांनी हजार वेळा शेअर केलंय. आता तू, वयाने लहान, येऊन म्हणतेस की खडसावणं चुकीचं आहे. त्यांच्या कानाला ते 'तुझं बरं होणंच चुकीचं आहे' असं ऐकू येतं. शिवाय इतक्या वर्षांत त्यांनी किती नव्याचे नऊ दिवस बघितले असतील, दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी नवीन फाइल घेऊन येतं, नवीन फॉर्म भरायला लावतं, आणि मग ते येणारं माणूसच नोकरी सोडून जातं. तू पण पत्रात नोकरी सोडायचं विचारतेयस, बघ.

आणि एक गोष्ट तू त्यांना आवर्जून सांग, कारण ती खरी आहे आणि त्यांच्या बाजूची आहे. 1997 मध्ये प्रोजेक्ट मॅच नावाच्या प्रचंड मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, 1,726 दारूचं व्यसन असलेले पेशंट, तीन पद्धती: बारा स्टेप्सकडे नेणारी थेरपी, सीबीटी, आणि मोटिव्हेशनवर आधारित चार सेशनची थेरपी. तिन्हींचे निकाल साधारण सारखेच आले. म्हणजे सरांचा बारा स्टेप्सवरचा विश्वास अडाणीपणा नाहीये, त्यामागे चांगला पुरावा आहे, आणि तू जर 'तुमचं जुनं, माझं सायंटिफिक' या सुरात बोलत असशील तर तू पुराव्याच्या बाबतीतच कच्ची ठरतेस. ज्याला पुरावा नाही ते वेगळंच आहे, ते म्हणजे ओरडणं आणि भिडणं. 1993 मध्ये मिलर आणि सहकाऱ्यांनी दारू पिणाऱ्यांबरोबर दोन शैलींची तुलना केली आणि त्यात दिसलं की थेरपिस्ट सेशनमध्ये जितका जास्त भिडला तितकं तो क्लायंट वर्षभरानंतर जास्त पीत होता. बारा स्टेप्स आणि ओरडणं या दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या नाहीत, बारा स्टेप्समध्ये कुठेही समोरच्यावर ओरडा असं लिहिलेलं नाही. सरांना बारा स्टेप्स सोडायला सांगायची गरजच नाहीये. हे कळलं की अर्धं भांडण संपतं, खरंच.

पण ते भांडण संपवायचं कसं हा प्रश्न आहे, कारण हे सगळे आकडे तू त्यांच्यासमोर टाकलेस तर ते अजून घट्ट होणार. थोडं टोचेल असं बोलते हं. तू सरांशी अगदी तसंच वागतेयस जसं सर पेशंटशी वागतात. सर पेशंटला म्हणतात 'तुला प्रॉब्लेम आहे हे तू मान्यच करत नाहीस', आणि तू सरांना म्हणतेस 'तुमची पद्धत चुकतेय हे तुम्ही मान्यच करत नाही'. सर पेशंटचा डिनायल तोडायला बघतात, तू सरांचा. आणि समोरचा माणूस दोन्हीकडे एकच करतो, मान हलवतो, फॉर्मवर 'खूप छान' लिहितो आणि बाहेर जाऊन तेच करतो जे करायचं होतं.

म्हणून जी पद्धत तुला केंद्रात आणायची आहे ती आधी सरांवर वापर. नाटक म्हणून नाही, खरंच ऐकायला म्हणून. उदाहरण देते. सर म्हणाले, 'हे गोड गोड बोलून कोणी सुधारत नाही.' तुझं आत्ताचं उत्तर असणार, 'पण सर, रिसर्च सांगतो की...' आणि तिथेच मीटिंग संपली. त्याऐवजी म्हणून बघ, 'सर, तुम्हाला भीती वाटतेय की आपण मऊ झालो तर एखादा पेशंट हातचा जाईल.' आणि गप्प बस. बहुतेक वेळा पुढे एखादी गोष्ट बाहेर येते, एखादा मुलगा ज्याला त्यांनी सांभाळून घेतलं आणि जो नंतर गेला. ती ऐकून घे, सल्ला देऊ नकोस. मग कधीतरी विचार, 'तुमच्याकडे असे कोण पेशंट येतात ज्यांच्यावर आवाज चढवून काहीच उपयोग होत नाही?' असे पेशंट प्रत्येक काउन्सेलरकडे असतात आणि त्यांच्याबद्दल बोलताना तो स्वतःच सांगायला लागतो की इथे दुसरं काहीतरी करावं लागतं. ते 'दुसरं काहीतरी' त्यांच्या तोंडून आलं पाहिजे, तुझ्या स्लाइडवरून नाही.

अजून एक करता येईल आणि मला हे फार आवडतं. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग जन्माला आलं कसं माहितीये? मिलर 1982 च्या सुमारास नॉर्वेमध्ये होता, तिथल्या तरुण सायकॉलॉजिस्टच्या गटाला तो रोलप्लेमध्ये दाखवायचा की मी पेशंटशी कसा बोलेन, आणि ती मंडळी त्याला मधेच थांबवून विचारायची, हेच का म्हणालात, दुसरं का नाही, आत्ता डोक्यात काय चाललं होतं. या उलटतपासणीतून त्याला कळलं की आपण काहीतरी ठराविक करतोय जे आपण स्वतः कधी शब्दांत मांडलं नव्हतं. तर सरांना शिकवायला जाऊ नकोस, सरांना दाखवायला सांग. तू पेशंट हो, सगळ्यात चिडका पेशंट हो, आणि मधेमधे थांबवून विचार, सर हे वाक्य का निवडलंत? तुला दिसेल की त्यांच्या चांगल्या क्षणांमध्ये ते बरंच ऐकतात, पेशंटचं म्हणणं त्यालाच परत सांगतात, त्याच्या धडपडीचं कौतुक करतात. त्याला नाव तू दे. आणि जिथे आवाज चढतो तिथे ते स्वतः अडखळतील, कारण 'का' चं उत्तर 'मला राग आला' हे असतं.

आता तुझ्या कामाचा असा एक अभ्यास सांगते जो कोणी फारसा सांगत नाही. 2008 मध्ये 59 दारू-ड्रग्ज काउन्सेलरांना घेऊन एक प्रयोग झाला. प्रश्न तुझाच होता, हे लोक पुरावा असलेले उपचार, खास करून औषधं, वापरायला तयार का होत नाहीत. सगळ्यांना दोन दिवसांचं पुराव्यावर आधारित उपचारांचं ट्रेनिंग मिळालं, पण त्याच्या आधीचा एक दिवस वेगळा होता. एका गटाला माहितीचा अजून एक वर्ग, आणि दुसऱ्या गटाला अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट ट्रेनिंग, म्हणजे स्वतःच्या मनात येणारे नकोसे विचार आणि भावना, त्यांच्याशी न भांडता, त्या असतानाच आपल्याला जे मोलाचं वाटतं ते कसं करायचं याचा सराव. तीन महिन्यांनी बघितलं तर दुसऱ्या गटातले काउन्सेलर पेशंटना औषधोपचाराकडे जास्त पाठवत होते, आणि 'हे आमच्याकडे जमणार नाही' छापाची कारणं त्यांना आधीइतकी खरी वाटत नव्हती. यातून मी घेते ते एवढंच: माहिती दोन्ही गटांना मिळाली होती, नुसत्या अजून माहितीने ते काम झालं नाही. काउन्सेलरच्या मनात 'मला हे जमलं नाही तर', 'पेशंटसमोर मी बावळट दिसलो तर', 'इतकी वर्षं मी जे केलं ते काय होतं मग' असं चालू असतं आणि त्याला बोलायला जागाच नसते, म्हणून ते 'पेशंटला उपयोग नाही' या कपड्यात बाहेर येतं.

तर सुपरव्हिजनमध्ये पहिली काही मिनिटं फक्त याला दे. प्रत्येकाने सांगायचं की हे नवीन करताना मला नक्की काय नकोसं वाटतं, आणि कोणी ते खोडून काढायचं नाही, तूही नाही, मान हलवायची आणि पुढे जायचं. शंका मिटायची वाट बघत बसू नकोस. शंका राहू देत खिशात, सेशनमध्ये एक गोष्ट वेगळी करून बघायला शंका मिटावी लागत नाही. आणि सुरुवात स्वतःपासून कर, तुला यांची भीती वाटते हे तू कधी बोलली आहेस का त्यांच्यासमोर? वयाने मोठ्या माणसांची सुपरवायझर असणं अवघड असतं, आणि ते सगळ्यांना दिसतंच असतं, न बोलल्याने लपत नाही.

मग प्रत्यक्ष काय. छोटं कर, फार छोटं. सहा जणांना नको, जो एक-दोन जण मनातून थोडे उत्सुक आहेत त्यांना घे (असतात, मीटिंगमध्ये हसणाऱ्यांमध्येच असतात, ते सरांकडे बघून हसतात). एक काउन्सेलर, एक पेशंट, एक कौशल्य. कौशल्य म्हणून रिफ्लेक्शन घे, म्हणजे पेशंट जे बोलला त्याचा अर्थ आपल्या शब्दांत त्याला परत सांगणं. सेशनची वीस मिनिटं रेकॉर्ड करायची आणि नंतर दोघांनी बसून फक्त मोजायचं, प्रश्न किती विचारले आणि रिफ्लेक्शन किती केली. या क्षेत्रात टेप तपासणारे साधारण असं धरतात की निदान एका प्रश्नाला एक रिफ्लेक्शन हवं, आणि दोन असतील तर छान. पहिल्या टेपमध्ये बहुतेकांचे प्रश्नच प्रश्न निघतात, 'कधी प्यायलास, कोणाबरोबर प्यायलास, का प्यायलास', पोलीस चौकशीसारखे, आणि ते स्वतःच्या कानाने ऐकल्यावर कोणाला काही सांगावं लागत नाही. पहिली टेप तुझी असू दे, आणि ती वाईट असेल तर उत्तमच.

डायरेक्टरांकडे इथे जायचं ते हुकूम मागायला नाही, वेळ मागायला. जे काउन्सेलर आधीच इनटेक, ग्रुप, केस नोट्स, नातेवाइकांचे फोन आणि नाइट ड्यूटी यात बुडालेत त्यांना तू अजून एक काम देतेयस, तर काहीतरी काढून पण घे. एखादा रिपोर्ट जो दोनदा लिहावा लागतो तो एकदाच लिहू दे. 'नवीन पद्धतीला विरोध' म्हणून जे दिसतं त्यातला चांगला मोठा भाग नुसता थकवा असतो, असं माझं मत आहे, आणि थकलेल्या माणसाला तुम्ही विचारलंत की तुला बदल हवाय का तर तो नाहीच म्हणणार.

हुकमाने कधीच काही होत नाही असंही नाही. ग्रेगरी आरन्सने 2004 मध्ये क्लिनिशियनचा अशा पद्धतींकडे बघण्याचा दृष्टिकोन मोजायला एक 15 प्रश्नांची प्रश्नावली केली, त्यात एक भाग खास यासाठीच आहे की 'वरून सांगितलं तर मी वापरेन का', आणि दुसरा यासाठी की ती पद्धत मला मनापासून पटते का, माझ्या ओळखीचे सहकारी ती वापरून खूश आहेत का. माणसं वेगवेगळी असतात, काहींना हुकूम पुरतो. पण रिफ्लेक्शन करा असा हुकूम काढून काय होणार, बंद दाराआड काय बोललं जातंय ते हुकमाला दिसत नाही. म्हणून त्यांच्या ओळखीचा सहकारी खूश दिसणं जास्त कामाचं, आणि म्हणूनच ते एक-दोन जण.

कंटिन्जन्सी मॅनेजमेंट थोडं थांबव. पद्धत भारी आहे, खास करून कोकेन आणि मेथाम्फेटामिनसारख्या उत्तेजक ड्रग्जसाठी, जिथे अजून पक्कं औषध हाती नाही, तिथे तिच्याइतका चांगला पुरावा दुसऱ्या कशाला क्वचितच आहे. स्टीफन हिगिन्सने 1990 च्या दशकात व्हाउचर देऊन हे दाखवलं, मग नॅन्सी पेट्रीने स्वस्तातला प्रकार काढला, एका भांड्यात चिठ्ठ्या, टेस्ट निगेटिव्ह आली की चिठ्ठी उचलायची, निम्म्या चिठ्ठ्यांवर फक्त शाबासकी, बऱ्याचशांवर छोटं काहीतरी, अगदी थोड्यांवर मोठं. 2011 पासून अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांमध्ये ते मोठ्या प्रमाणात सुरू झालं. 'ही लाच झाली' या आक्षेपावर माझं उत्तर असं की लाच चुकीचं काम करायला देतात, आणि सरांच्या बारा स्टेप्सच्या मीटिंगमध्ये सोब्रायटीची वर्षं मोजून टाळ्या वाजतात, मेडल देतात, तेही बक्षीसच आहे. (हे मीटिंगमध्ये जिंकण्यासाठी वापरू नकोस मात्र, सर दुखावतील. चहाच्या वेळी सरांनाच विचार की पहिलं मेडल मिळालं तेव्हा कसं वाटलं.) पण ही पद्धत अर्धवट केली की फसते, टेस्ट वारंवार हवी, बक्षीस लगेच हातात हवं आणि ते काहीतरी किमतीचं हवं, महिन्यातून एकदा पेन देऊन काही होत नाही. बजेट नसताना सुरू केलंस तर फसेल, आणि मग पुढची दहा वर्षं 'ते करून बघितलं होतं आपण' ऐकावं लागेल. त्यामुळे आधी पैसे, मग विषय.

नोकरी सोडायचं विचारलंस. काउन्सेलर ऐकत नाहीत म्हणून सोडू नकोस, ते तुझं काम आहे आणि त्याला वेळ लागतो. पण औषधांचा तो लेखी नियम करायला डायरेक्टर तयार नसतील, किंवा नियम करून पेशंटला गोळ्या सोडायला सांगणाऱ्याला कोणी काही बोलत नसेल, तर मात्र दुसरीकडे बघायला लाग, आणि जाताना का जातेयस ते लिहून दे. तसंच आठवड्यातून एक तास सुद्धा सुपरव्हिजनसाठी मिळत नसेल तर तू नावाचीच सुपरवायझर आहेस, ते किती दिवस चालवायचं ते तुझं तू ठरव.

आणि हो, टेप सुरू करण्याआधी पेशंटची लेखी संमती घे, त्याच कागदावर लिही की कोण ऐकणार, किती दिवसांनी डिलीट होणार, आणि नाही म्हटलं तरी उपचारात काही फरक पडणार नाही. काउन्सेलरलाही वेगळं लिहून दे की ही टेप त्याच्या अप्रेझलमध्ये कधीच येणार नाही. त्याशिवाय सर रेकॉर्डरला हात लावणार नाहीत, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही लावला नसता.